ऐंशी टक्के पोट

पनवेल
मंगळवार, ४ फेब्रुवारी

फोन काढून घेऊन कपाटात कुलूप घालणाऱ्या माणसाकडे आपल्या पायांनी चालत जायचं आणि वर त्याला सर म्हणायचं, हे मी माझ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ते तू दाखवलंस. चौथीत सुटलेलं पेन आता या वयात मला हातात धरावं लागतंय. मधलं बोट सुजलंय. पोस्टातली मुलगी विचारते, "आजी, पत्र? घरात कोणाकडे व्हॉट्सअॅप नाही का?" तिला काय सांगू? माझा नातू चाळीस दिवस इगतपुरीच्या डोंगरात सामुराई व्हायला गेलाय, तिथे फोन चालत नाही, असं सांगू? सांगितलं. ती हसली नाही, म्हणून मलाच लाज वाटली.

भावेश, बरा असशील असं धरून चालते.

तू जाताना म्हणालास, आजी, चार दिवसांत सगळं शांत होईल. झालं शांत. तुझ्या केटरिंगच्या गोडाउनचा फोन वाजतच नाही. मी रोज सकाळी जाऊन शटर वर करते, झाडू मारते, बसते. तू भिंतीवर प्रत्येक डावाची, प्रत्येक झाऱ्याची जागा रंगाने आखून ठेवलीस, त्या जागेवर सगळं नीट टांगलेलं आहे. एक गोष्ट खरी सांगते, ते तुझं काम चांगलं होतं. आधी एक झारा शोधायला अर्धी सकाळ जायची आणि आपली आचारीण वेणू सगळ्यांच्या आईबापाचा उद्धार करायची. आता डोळे मिटून हात घातला तरी डाव हाताला लागतो. पण हाताला लागून करायचं काय? टोप रिकामे आहेत.

जासईला काय झालं ते निशाने मला विचारलं. तुझी सख्खी बहीण, पण तिलाही तू धड सांगून गेला नाहीस. तिला जे सांगितलं तेच तुला लिहिते, कारण तुला ते वेगळं आठवत असणार. त्या दिवशी तू काळा सदरा घालून, हात मागे बांधून मांडवाच्या खांबाशी उभा होतास. मालकाने सगळं दुरून बघायचं, असं त्या तुझ्या शिबिरवाल्या परेश सरांनी शिकवलं म्हणे.

काशिरामच्या घरची हळद. त्याच्या दाराशी सहा ट्रेलर उभे असतात, त्याच्या एकुलत्या सुशांतची हळद. आपल्यात हळदीला माणूस काय बघायला येतो? नवरा बघायला? नवरा तो लहानपणापासून बघतोय. माणूस जेवायला येतो, आणि जेवून उठताना त्याला धरून परत बसवलं पाहिजे, "थोडं घे रं, माज्या गल्याशपत घे," असं कोणीतरी म्हटलं पाहिजे. नाहीतर तो घरी जाऊन सांगतो की मला बोलावलं, पण मानलं नाही.

आणि तू वाढप्यांना काय शिकवलंस? मटणाचे पाच तुकडे, एक डाव रस्सा, दोन भाकऱ्या. दुसऱ्यांदा फिरायचं नाही. आग्रह करायचा नाही. जपानी लोक म्हणे पोटाचा पाचवा हिस्सा रिकामा ठेवतात आणि म्हणून शंभर वर्षं जगतात. पाहुण्याने मागितलंच तर वाढप्याने कमरेत वाकून नमस्कार करायचा आणि हळू आवाजात तेच सांगायचं. वेणूने तुला सकाळी मसाला वाटताना बजावलं होतं, "भावेश, हलद हाय, हास्पिटल नाय." तू म्हणालास, "मावशी, जुन्या सवयी मोडल्याशिवाय ब्रँड होत नाही."

पहिल्या पंगतीला काशिरामचा मामा, बुधाजी. त्याने रस्सा मागितला. वाढपी वाकला. त्याने परत मागितला. वाढपी परत वाकला. तिसऱ्यांदा म्हातारा ओरडला, "अरं, कवरे नमस्कार करतस? मी काय देव हाय? रस्सा आन!" तेव्हा त्या वाढप्याने तुझा मंत्र म्हटला, शंभर वर्षं जगाल म्हणून. बुधाजी म्हणाला, "मी चौऱ्यांशीचा हाय. पोट भरूनशीच यवरा झालू. तुजा जपानवाला बाजूला ठेव." आणि हात न धुता पंगतीतून उठला. मामा उठला म्हटल्यावर अख्खी ओळ उठली.

इथवर हसण्यावारी गेलं असतं. काशिराम चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण पाचवा हिस्सा पोटात गेला नाही, तो कुठेतरी उरणारच ना? एक अख्खा टोप उरला. आणि तो टोप काशिरामच्या माणसांना आपल्या टेम्पोत, ताडपत्रीखाली सापडला. बाहेर पाहुणे उपाशी आणि आत टेम्पोत मटण.

मी तेव्हा मागे भाकरीच्या चुलीपाशी होते. पुढे कोण काय बोललं ते मला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून जासईत आणि इथे आपल्या आळीत एकच बोलणं आहे की वेणूने मटण चोरलं.

वेणू पंचवीस वर्षं लोकांच्या हळदी शिजवते. तू चड्डीत होतास तेव्हापासून. तिच्या हाताखाली भाकऱ्या भाजायला बायका भांडायच्या. आता त्याच बायका नळावर तिला बघून हंडा उचलतात. काल तिने मला विचारलं, "काकी, भावेश कवा येनार?"

तो टोप टेम्पोत ठेवायला तिला कोणी सांगितलं ते तुला माहीत आहे. ये आणि सांग. दोन दिवस सुट्टी काढ, सामुराईला सुट्टी असेलच.

गुणाबाई


पनवेल
शनिवार, १५ फेब्रुवारी

परेश सर यांना,

मी माझ्या नातवाला पत्र लिहिलं आणि मला तुमचं छापील कार्ड आलं. "साधक मौनात आहे. आपले पत्र योग्य वेळी देण्यात येईल." योग्य वेळ कोण ठरवणार, तुम्ही? तुम्ही त्याला ओळखून दोन वर्षं झाली. मी त्याला जन्मल्यावर पहिलं पाणी घातलंय.

मी भावेशची आजी. नमस्कार करते, बसूनच करते, कंबरेचं दुखणं आहे.

तुमची लाल वही भावेशच्या टेबलाच्या खणात होती. मी निशाकडून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतली. तीन दुपारी लागल्या. मला वाटलं होतं सगळा फापटपसारा असेल. तसं नाही. काही काही बरं लिहिलंय. काम जिथे चालतं तिथे मालकाने स्वतः जाऊन उभं राहायचं, हे मला पटलं. रोज थोडं थोडं सुधारायचं, तेही पटलं. पाहुण्याने मागायच्या आधी त्याला काय हवं ते ओळखायचं, हे तर मी लाल रेघ मारून ठेवलंय. हे पान भावेशने वाचलं होतं का, एवढं विचारा त्याला. एका पानावर मागायच्या आधी द्या म्हणता आणि दुसऱ्या पानावर मागितलं तरी देऊ नका म्हणता. पोरं मधल्या मधे लटकतात.

त्या पोट रिकामं ठेवायच्या पानाबद्दल पण सांगते. निशाने नीट वाचलं. त्यात असं आहे की जेवणाऱ्याने आपलं आपण थांबावं. वाढणाऱ्याने हात आखडावा असं तुमच्या वहीत कुठेही नाही. तेवढं तुमच्या बाजूने बोलते.

तुमच्या वहीतले सात शब्द भावेशने गोडाउनच्या भिंतीवर पेंटरकडून लिहून घेतले. सरळपणा, धैर्य, दया, आदर, खरेपणा, मान, निष्ठा. निष्ठा सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे, कारण तिथे भिंत रुंद होती. रोज सकाळी भाकरीवाल्या बायकांना रांगेत उभं करून हे सात शब्द म्हणायला लावायचा आणि मग कमरेत वाकायला. त्या बायका जन्मभर चुलीपुढे वाकूनच आहेत. तरी वाकल्या. पोराचा धंदा चालू दे म्हणून वाकल्या.

आता माझा प्रश्न. निष्ठेच्या पानावर एक गोष्ट आहे. कोणी एक नोकर आपल्या धन्याची चूक स्वतःच्या अंगावर घेतो, लोकांच्या शिव्या खातो आणि तोंडातून शब्द काढत नाही. ते पान भावेशने दुमडून ठेवलं होतं. मला कोणाकडून तरी कळलं की हीच गोष्ट सांगून त्याने आमच्या एका बाईला गप्प बसवलंय. त्याच्या पुढच्या पानावर लिहिलंय की हाताखालच्या माणसाची चूक असली तरी धन्याने पुढे होऊन मान खाली घालायची. हे पान दुमडलेलं नव्हतं. चिकटलेलंच होतं, निशाने नखाने सोडवलं.

मी वीस वर्षं मिठागरात काढली. अवकाळी पाऊस येणार हे मुकादमाला कळलं नाही, मीठ वाहून गेलं, आणि मजुरी आमची कापली. त्या मुकादमाने कुठलं शिबिर केलं नव्हतं. त्याला हे आपोआप यायचं. तुम्ही मात्र याची फी घेता, म्हणून विचारते: मालकाची चूक गड्याने अंगावर घ्यायची, हे तुम्ही शिकवता का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. कार्ड छापू नका.

आणि माझं पत्र त्याला द्या. मौन तोंडाचं असतं, डोळ्यांचं नसतं. त्याला वाचता येईल.

गुणाबाई


पनवेल
गुरुवार, २० फेब्रुवारी

जाळलीस? चूक कागदावर लिहिलीस आणि जाळलीस? आणि ते मला कळवायला तुझ्या सरांनी तुला एक पान दिलं? धन्य आहे. मला हो किंवा नाही काही आलंच नाही. तुझ्या पानासोबत त्यांनी ज्येष्ठ नागरिकांसाठी दोन दिवसांच्या शिबिराचं रंगीत पत्रक पाठवलंय. निशाने ते कणकेच्या डब्याखाली घातलं.

भावेश, तुझं पान मी चार वेळा वाचलं. तू लिहितोस, "आजी, इथे रोज पहाटे थंड पाण्याने आंघोळ करतो. प्रत्येक चूक कागदावर लिहून अग्नीला देतो. जासईची चूक मी जाळली आहे, आता मन स्वच्छ आहे. वेणूमावशीने शब्द दिलाय, तिला तो पाळू दे. त्यातच तिचा मान आहे."

तुझा कागद तिकडे जळला. इकडे तुझी चूक वेणूच्या दारात बसून आहे, रोज तिच्याबरोबर बाजारात जाते. परवा मासळीवालीने तिला म्हटलं, "बघून घे हो, मोजून दिलंय, उगाच ताडपत्रीखाली नको." वेणूने पिशवी तिथेच ठेवली आणि घरी आली. ही ती बाई, जिने एकदा भर मांडवात नवऱ्याच्या काकाला मीठ कमी म्हटल्याबद्दल डाव दाखवला होता. आता ती ऐकून घेते, कारण तिने तुला शब्द दिलाय. तिचा मान त्यात नाही, गाढवा. तुझी लपायची जागा आहे ती.

आता जे लिहिते ते नीट वाच, परत लिहिणार नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी भाकरीच्या चुलीपाशी होते. मी तिथे नव्हते. तू खांबाशी होतास आणि मी तुझ्यापासून चार हातांवर खुर्चीत बसले होते. तू मला बघितलं होतंस. काशिरामने विचारलं, "टेम्पोत मटान कोनी ठेवलं?" तू म्हणालास, "किचन वेणूमावशीकडे असतं, मी चौकशी करतो." चौकशी! तासाभरापूर्वी तूच तिला माझ्यासमोर सांगितलं होतंस, मावशी, हा टोप झाकून टेम्पोत ठेव, उरलेलं आपण आश्रमात पाठवू, वाया घालवायचं नाही, ते जपानी तत्त्व आहे. वेणू म्हणाली होती, "आधी पंगती उटू दे." तू म्हणालास, "आत्ताच ठेव, समोर दिसलं की लोक मागतात."

मग काशिराम माझ्याकडे वळला. त्याच्या घरात माझ्या शब्दाला अजून किंमत होती. म्हणाला, "गुनाबाय, तुमी सांगा. तुमच्या शब्दावर वेनूला सोरतो." वेणू माझ्याकडे बघत होती. तू बूट बघत होतास. आणि मी म्हणाले, "मला डोळ्यांनी कमी दिसतं रे बाबा."

मोतीबिंदू काढून वर्ष झालं. मला भाकरीवरची मुंगी दिसते.

दुसऱ्या दिवशी गोडाउनमध्ये तू वेणूला ती नोकराची गोष्ट सांगितलीस, तेव्हा मी शटरच्या बाहेर होते. चप्पल काढून उभी होते, आवाज होऊ नये म्हणून. तू म्हणालास, "मावशी, माझं नाव गेलं तर धंदा गेला. तुझं काय, लोक चार दिवसांत विसरतील. सामुराई असंच करतात." वेणू म्हणाली, "मला त्यातलं काय कलत नाय. तू रडू नको." म्हणजे तू रडत होतास. ते मला बाहेर ऐकू आलं नव्हतं. रडत का होतास, ते आता विचारत नाही. आत यायला मला दोन पावलं होती. मी चप्पल घातली आणि घरी आले.

म्हणून तुला शिव्या देताना माझा हात अडखळतो, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. पण देणार आहेच.

या रविवारी जासईच्या देवळात गावकी बसते. गावदेवीची जत्रा होळीच्या आधीच्या रविवारी आहे, नऊ मार्चला. बारा वर्षं जत्रेच्या जेवणाचा टोप वेणूच्या हातात असतो, तिचं माहेर ते, तिला तो मान आहे. यंदा तो कोणाला द्यायचा ते ठरणार. काशिराम गावकीत आहे. तिथे एकदा तिचं नाव कापलं गेलं की उरण-पनवेलात तिला कोणी चूल पेटवू देणार नाही. लग्नांचा हंगाम तोंडावर आहे. तिला दुसरं काही येत नाही आणि तिला दुसरं काही नकोही आहे.

शनिवारी संध्याकाळच्या आत ये. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते, निशा म्हणते उद्या पोचेल. तू आलास तर तू बोल, मी पाठीशी बसेन. नाही आलास तर मला जे करायचं ते मी करेन, आणि मग म्हणू नकोस की आजीने धंदा बुडवला.

गुणाबाई


पनवेल
सोमवार, २४ फेब्रुवारी

तू आला नाहीस. शनिवारी मी चार वाजल्यापासून ओट्यावर बसले होते, पाच वाजता चहा केला, तुझ्या वाटणीचा पण केला, तो तुझ्या बापाने प्यायला. त्याची पोर्टावरची पाळी सुटली होती. त्याने विचारलं, "आय, कोनाची वाट बघतंस?" मी म्हटलं, कोणाची नाही. आयुष्यात एवढं खोटं मी कधी बोलले नव्हते जेवढं या महिन्यात तुझ्यापायी बोलले.

भावेश, हे पत्र पोस्टाने येत नाही. निशा घेऊन येतेय. तिला सांगितलंय, तुझ्या हातात द्यायचं आणि तू शेवटपर्यंत वाचेस्तोवर समोर उभं राहायचं. तिला कोणी मौन सांगितलं तर ती काय करेल ते तुला ठाऊक आहे.

रविवारी मी रिक्षा करून जासईला गेले. वेणू आधीच गेली होती, देवळाच्या पायरीवर बायकांत बसली होती. कोणी तिच्या शेजारी नव्हतं, दोन्ही बाजूंना एकेक माणसाची जागा रिकामी. बायकांनी पायरीवरच बसायचं असतं. मी आत गेले आणि सतरंजीवर बसले. मला कोणी उठवलं नाही. या वयात तेवढं चालतं.

काशिरामने जत्रेचा विषय काढला, टोप कोणाकडे, आणि मी म्हटलं, आधी मला बोलायचंय. सगळं सांगितलं. पाच तुकड्यांचं, ताडपत्रीचं, आश्रमाचं. टोप ठेवायला कोणी सांगितलं ते तुझं नाव घेऊन सांगितलं. मला त्या दिवशी चांगलं दिसत होतं, हेही सांगितलं. आवाज बाहेर पायरीपर्यंत जात होता. मी मुद्दाम मोठ्याने बोलत होते.

बुधाजी कोपऱ्यात भिंतीला टेकून होता. म्हणाला, "गुनाबाय, महिना झाला. यवरे दिस कुटं व्हतीस?"

मी म्हटलं, "घरात. नातवाला झाकत व्हते."

"मंग नातू कुटं हाय?"

"डोंगरात. शिकतोय."

"आता काय शिकतोय?"

"शूर व्हायला."

अख्खं देऊळ हसलं. पुजारी पण हसला. मी हसले नाही. काशिराम पण हसला नाही, ते मी बघितलं. तो म्हणाला, "तुमचं आयकलं. वेनूनं मटान घेतलं नाय, हे आमी धरलं. पर हुकूम देनारा भर मांडवात गप बसला, माज्या मामाला पंगतीतशी उटवलान, आनि माफी मागाला आजीला हितं धारलान. त्यानं यावा. तो येऊन बोलंस्तोवर टोप कोनाच्याच हातात नाय."

मला वाटलं, चला, निम्मं तरी झालं. वेणूचं नाव धुतलं गेलं. बाहेर येऊन मी तिला म्हटलं, "चल, रिक्षा थांबलीय."

ती उठली. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "काकी, तुमाला पयल्यापासून ठावं व्हतं?"

मी म्हटलं, "हो."

"शटरच्या भायेर पन तुमीच व्हतात?"

ते मी आत सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं कोण जाणे. कदाचित त्या दिवशीच कळलं असेल, चपलेच्या आवाजाने. मी परत हो म्हटलं.

तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "भावेश पोर हाय, घाबारला. मी म्हटलं जाऊ दे. रोज मला वाटायचं, काकीला ठावं असतं तर काकीनं यका दिसात सगल्यांची तोंडं बंद केली असती. यवऱ्यावर मी महिना काढला." मग म्हणाली, "तुमी का घाबारलाव?"

माणसाला म्हातारपणी सगळ्याला उत्तर असतं असं वाटतं. ती माझ्या रिक्षात बसली नाही. जासईच्या नाक्यापर्यंत मी मागे वळून बघत होते, ती कंटेनरच्या रांगेच्या कडेने चालत होती, पदर नाकाला लावून.

आज सकाळी तिने तिच्याकडची गोडाउनची चावी निशाच्या हातात दिली. आत आली नाही. निशा म्हणाली, मावशी, चहा. ती म्हणाली, झाला.

आता तुझ्या धंद्याचं. तो राहील की जाईल मला माहीत नाही. टेम्पोवर तू रंगवून घेतलेला तलवारवाला सामुराई बघून लोक आता आपल्याला हाक मारतात, "ओ नमस्कारवाले." ते तुलाच निस्तरायचंय. भिंतीवरचे सात शब्द मी पुसले नाहीत. पुसून काय होणार, आणि वाईटही नाहीत ते. पण ज्याने ते दुसऱ्यांकडून रोज म्हणून घेतले त्याने एकदा तरी स्वतः करून दाखवावेत. थंड पाण्याने आंघोळ मी सत्तर वर्षं करते. त्यात काही धैर्य नाही, त्यात गॅस वाचतो.

सर म्हणतील, शिबिर मोडू नकोस, मधेच उठणारा योद्धा नव्हे. त्यांना सांग, बुधाजी पंगतीतून उठला तेव्हा तो बरोबर होता.

मी माझं केलं, उशिरा केलं, आणि त्याची किंमत काय ती मला नळावर रोज दिसेल. वेणूशी माझं काय व्हायचं ते मी बघेन, त्यात तू पडू नकोस. तुझं तू कर. मला पत्र लिहू नकोस. माफीही लिहू नकोस, माझ्याकडे ती ठेवायला जागा नाही. काशिरामलाही आधी नको. त्याच्याकडे नंतर जायचंय, मामाच्या पुढ्यात, तेव्हा वाक किती वाकायचं ते.

आधी वेणूला उत्तर दे. तिने मला विचारलं ते तिने खरं तर तुला विचारायला हवं होतं. का घाबरलास. एका कागदावर लिही, तुझ्या अक्षरात, परेश सरांच्या शब्दांत नाही. निशाकडे देऊ नकोस, पोस्टात टाकू नकोस, आणि जाळू तर अजिबात नकोस. वेणूला वाचता येत नाही, तुला माहीत आहे. तिच्या ओट्यावर बसून तो कागद तिला तूच वाचून दाखवायचा, शेजारपाजार ऐकेल एवढ्या आवाजात. नऊ तारखेच्या आत.

गुणाबाई